जोडावर ठेवलेलं बोट

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी मी ती एकदा हलवून बघते. लग्नाच्या मांडवात, बँकेत, दवाखान्यात, कुठंही. लोक वळून बघतात. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्याच भेटीत विहीणबाईंनी पुढं केलेली खुर्ची मी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली आणि त्यांचा चेहरा पडला. आता त्यांना काय सांगायचं, की ही खोड माझी नव्हे, भालेरावांची. माणूस गेला आणि खोड माझ्या गळ्यात टाकून गेला.

दामोदर भालेराव आमच्या रायफल क्लबाचं शस्त्रागार सांभाळायचे. फौजेत वीस वर्षं त्यांनी बंदुकांच्या दुरुस्तीचं काम केलं होतं. निवृत्त होऊन सायखेड्याला घरी आले, गोदाकाठच्या दोन एकरांत चार महिने राबून पाहिलं, पण जीव रमेना. शेतात काय, एकदा पेरलं की वाट बघत बसायचं, आणि बसणं त्यांना जमायचं नाही. मग नाशकात आले. उंच, सडसडीत, खाकी पँट आणि वर पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात तेलकट लाल चिंधी. चहा उभ्यानं प्यायचे, पेपर चालता चालता वाचायचे. स्वस्थ बसणं तुमच्या कुंडलीतच नाही, असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाले, "आम्ही बौद्ध लोक कुंडली करीत नाय ताई. म्हणून ऱ्हायलं असंल."

मी गणिताची शिक्षिका. मुलींच्या शाळेत आठवी-नववीला भूमिती शिकवायची. रायफल चालवायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगत बसले तर भालेराव बाजूलाच राहतील. एवढंच सांगते, की मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी क्लबात नाव घातलं, तेव्हा तिथं बाई अशी मी एकटीच होते. पाथर्डी फाट्याच्या पलीकडे एक बंद पडलेली दगडखाण होती, तिच्या पोटात आमची नेमबाजीची जागा. पत्र्याच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीला लोखंडी दार, आणि त्या दाराची किल्ली भालेरावांच्या कमरेला.

पहिल्या रविवारी मी टेबलावरची रायफल उचलायला गेले, तर एक लांब हात मध्ये आला.

"थांबा. आधी मला बघू द्या."

त्यांनी रायफल उभी धरली. जिथं नळी लाकडात बसते त्या जोडावर डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं ठेवलं आणि नळी आणि लाकूड मुठीत दाबलं. डोळे मिटले. मला वाटलं, काही मंत्रबिंत्र म्हणतायत की काय.

"काय बघताय?"

"हलती का ते."

"स्क्रू तर घट्ट दिसतायत."

"स्क्रू घट्ट असणं येगळं, ताई, अन् रायफल घट्ट असणं येगळं." त्यांनी डोळे उघडले. "गप हाय. घ्या."

या जुन्या बोल्टवाल्या रायफलींत लोखंडाचा जो मुख्य भाग असतो, ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो, त्याला ॲक्शन म्हणतात. ती ॲक्शन लाकडी दस्त्यात बसवलेली असते आणि खालून दोन स्क्रू तिला धरून ठेवतात, एक पुढं, एक मागं. एवढ्या धडधडणाऱ्या यंत्राचा सगळा संसार त्या दोन स्क्रूंवर चालतो. ते ढिले झाले की प्रत्येक धक्क्याला लोखंड लाकडात जरा वेगळं बसतं आणि गोळी भरकटते. फारच ढिले राहिले तर दस्ता उभा चिरतो. हे मला भालेरावांनी पहिल्याच महिन्यात इतक्या वेळा सांगितलं की मला वर्गात त्रिकोण काढतानाही दोन स्क्रू दिसायला लागले. आवळताना पुढचा आधी, मागचा नंतर. सोडताना उलटं. मुंज लागावी तशी ही दीक्षा प्रत्येक नव्या सभासदाला मिळायची.

नेमबाजीला आलेल्या माणसांना घाई असते. रविवारची सकाळ, दहानंतर वारा सुटतो, त्याआधी चार गोळ्या पदरात पाडून घ्यायच्या असतात. आणि हा गृहस्थ सगळ्या सात रायफली एकामागून एक घेऊन जोडावर बोट ठेवत उभा. पुन्हा मध्येच, दहा गोळ्या झाल्या की, "जरा आणा इकडं." लोक वैतागायचे. मीही वैतागायचे, माझा स्वभाव काही थंड नाही. पण त्यांना कुणाच्या वैतागाचं काही वाटायचं नाही. त्यांच्या अंगातच एक कुरतडणारं काहीतरी होतं. कुठंतरी काहीतरी ढिलं आहे आणि ते आपल्याला सापडलेलं नाही, अशा तोंडानं ते खाणभर फिरत राहायचे.

त्यांचे स्क्रू ड्रायव्हर सात होते. त्यांना ते फौजेतल्या सवयीनं पेचकस म्हणायचे. प्रत्येकाचं टोक एकेका रायफलीच्या स्क्रूच्या खाचेत चपखल बसेल असं घासलेलं, आणि सातही एका खाकी पट्टीत गुंडाळलेले. पेचकस खाचेत सैल बसला की स्क्रूची खाच फाटते, आणि खाच फाटली की स्क्रू गेला, हे त्यांचं शास्त्र. आमचे अध्यक्ष डॉक्टर बर्वे दातांचे डॉक्टर होते. माणूस सज्जन, पण हाताला येईल त्या वस्तूनं हवं ते काम उरकणारा. एकदा त्यांनी त्यातला एक पेचकस घेतला आणि रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. भालेरावांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला. भालेरावांनी ट्रेमधला दात उपटायचा चिमटा उचलला आणि विचारलं, "साहेब, हे जरा न्यू का? दारातला खिळा उपटायचाय."

डॉक्टरांनी क्लबात येऊन सगळ्यांदेखत माफी मागितली. ही गोष्ट डॉक्टर स्वतःच रंगवून सांगायचे, यावरून त्यांचा सज्जनपणा कळावा.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला मी एकदा भालेरावांना बोलावलं. त्यांची धाकटी मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती. पाहुण्यांचं भाषण चाललं होतं आणि माइकचा दांडा हळूहळू खाली सरकत होता. पाहुणे वाकत होते, माइक सरकत होता, मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. भालेराव दुसऱ्या रांगेतून उठले, स्टेजवर चढले, खिशातून एक छोटा पाना काढला आणि पाहुण्यांच्या हनुवटीखाली हात घालून नट आवळला. मग दांडा धरून दोनदा हलवला, पाहुण्यांना म्हणाले, "बोला आता," आणि उतरले. मुख्याध्यापिकाबाई महिनाभर माझ्याशी तुटक वागल्या. भालेरावांच्या मुलीनं मात्र मान वर करून सगळ्यांना सांगितलं, की ते माझे वडील.

क्लबाची सातवी रायफल म्हणजे म्हातारी. हे नावही भालेरावांचंच. जर्मन बनावटीची, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची शिकारी रायफल, अक्रोडाचा काळपट दस्ता, बोल्ट असा सरकायचा की लोण्यातून सुरी. घोटीकडच्या एका भातगिरणीवाल्या शेठजींनी वडिलांची आठवण म्हणून ती क्लबाला दिली. द्यायला स्वतः आले. भालेरावांनी स्टोव्हवर चहा केला आणि सगळ्यांना कप दिले. शेठजींनी कप हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आत्ताच झालाय." ते गेल्यावर कप तसाच भरलेला होता, वर साय आलेली. भालेरावांनी तो मोरीत ओतला, विसळला, आणि म्हातारीचा बोल्ट काढत म्हणाले, "माझ्या हातचा चहा चालत नाय. पर बापाची रायफल माझ्याच हातात द्यायला आला." आवाजात राग नव्हता. मला मात्र राग आला होता आणि तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमी कशाला तोंड पाडता? इकडं या. हिचे स्क्रू बघा काय करून ठिवलेत."

पुढच्या स्क्रूची खाच कुणीतरी छिन्नीनं ठोकून फाडली होती. डोकं एका बाजूनं झिजलेलं. मागचा जरा बरा. तरीही म्हातारी मारायची चांगली, आणि मोठ्या काडतुसांच्या प्रकारात क्लबाकडं तिच्या तोडीची दुसरी नव्हतीच. तिसऱ्या वर्षापासून ती बहुतेक माझ्याच खांद्याला असायची. दर रविवारी भालेराव तिच्या पुढच्या स्क्रूकडं बघून चुकचुकायचे. दोनदा आवळला की तिसऱ्या वेळी पेचकस निसटायचा. "हा एक दिवस धोका देनार," म्हणायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. क्लबातून मोठ्या रायफलीच्या प्रकारात एकच जण जाणार होता. गुण माझेच जास्त पडत होते. मी चौतिशीत होते, घरी दोन मुलं, म्हातारे वडील, नवऱ्याची फिरतीची नोकरी. रविवारची सकाळ मी कशी चोरून आणायची ते माझं मला माहीत. मला जायचं होतं, बस. जरा शहाणपणानं सांगायचं तर ही एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात फक्त माझ्यासाठी मागितली होती.

निवडीच्या तीन आठवडे आधी भालेराव म्हणाले, "म्हातारीचे दोन्ही स्क्रू नवे करतो. माझा जीव ऱ्हात नाय."

सातपूरला त्यांच्या ओळखीच्या एकाचा लेथ होता. तिथं दर संध्याकाळी सायकलनं जायचे. बाजारात तसे आटे मिळत नव्हते, म्हणून चांगल्या पोलादाची कांडी आणून स्वतः आटे पाडले. मागचा लगेच झाला, पुढच्याचे दोन बिघडले, टाकून दिले. तिसरा जमला. जुना आणि नवा शेजारी ठेवून त्यांनी मला दाखवला, डोक्याचा उतार, आट्यांची संख्या, लांबी, सगळं हुबेहूब, फक्त खाच नवी आणि सरळ. नातवाचा पहिला दात दाखवावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "जसा होता तसा," ते म्हणाले. "केसाचा फरक नाय." जुन्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे ती जशी होती तशी करायची, असा त्यांचा नेम होता. मग त्यांनी पुढचा आधी आणि मागचा नंतर असे दोन्ही आवळले. शेवटच्या पाव फेऱ्याला स्क्रू असा खाडकन थांबला, की तो आवाज ऐकून आम्ही दोघं हसलो.

निवडीच्या दिवशी पहिल्या पाच गोळ्या बऱ्या गेल्या. सहावी खाली उजवीकडं गेली. मी श्वास सावरला, सातवी वर गेली. आठवी पुन्हा मधोमध. नववी कुठं गेली ते दुर्बिणीतून शोधावं लागलं. ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, की आपण सगळं बरोबर करतोय आणि तरीही बरोबर येत नाही, तेव्हा काय होतं. मी माझ्या बोटाला दोष दिला, खांद्याला दिला, आदल्या दिवशी वडिलांशी भांडले होते त्याला दिला. डॉक्टर बर्वे मागून हळूच म्हणाले, "श्वास, पाठकबाई, श्वास." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. शेवटी मालेगावकडचे एक तरुण वकील निवडले गेले. मी हात मिळवला, म्हातारी टेबलावर ठेवली आणि स्कूटर काढली.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, की कुणी भालेराव म्हणून आलेत. शिक्षकांच्या खोलीत ते उभे होते. मी खुर्ची पुढं केली तर ती हलवूनही बघितली नाही. तिथंच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी लाल चिंधी उलगडली आणि माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर म्हातारीचा पुढचा स्क्रू ठेवला.

"हेचं टोक बघा."

स्क्रूचं टोक काजळीनं काळं केलेलं होतं. फक्त अगदी शेंड्याला एक ठिपका घासून लख्ख झाला होता.

"काल साफ करताना जोडावर बोट ठिवलं," ते म्हणाले. "स्क्रू घट्ट, अन् आतलं लोखंड हलतंय. मग टोकाला काजळी लावून पुन्हा बसवला, काढला. तर हे. टोक आत जाऊन भोकाच्या बुडाला टेकतंय. म्हंजे हातानं वाटतंय आवळला, अन् लाकडाला पकडच नाय. साठ-सत्तर वर्षांत लाकूड दबलं, ताई. पातळ झालं. जुना स्क्रू पन म्हणूनच नीट धरत नव्हता, पर त्याचं टोक झिजून निमुळतं झाल्यालं व्हतं, म्हणून चालून गेलं. मी नवा केला तो जुन्याच्या मापानं, अन् टोक नवं, पुरं. मी स्क्रू मोजला. जागा मोजलीच नाय. दीड आटा कमी पायजे व्हता."

मी त्या लख्ख ठिपक्याकडं बघत राहिले. खरं सांगते, पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझा श्वास नव्हता, माझं बोट नव्हतं. आणि लगेच त्याच्या मागोमाग असा राग आला की कान गरम झाले.

"तुम्ही निवडीआधी बोट ठेवून बघितलं नाही?"

"बाकी समद्या रायफली बघितल्या."

"आणि म्हातारी?"

ते खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. बाहेर मुली लंगडी घालत होत्या. "दुसऱ्या कुनी स्क्रू केला असता तर दहादा तपासला असता," ते म्हणाले. "माझ्या हातचा व्हता. आपल्या हातचं कोन तपासतं?"

घंटा झाली. मला नववी ब वर जायचं होतं. मी वह्या उचलल्या, स्क्रू त्यांच्या हातात दिला आणि वर्गावर गेले.

गुरुवारी संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. भालेरावांनी ती स्वतः मागितली होती. निवड पुन्हा घ्या, एवढीच त्यांची मागणी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नियमात फेरनिवड नाही, भालेराव. नावं कळवून झालीत. आणि हे बघा, ही गोष्ट आपल्या तिघाचौघांतच आहे. दीड आटा कापून टाका आणि विषय संपवा. तुमच्यासारखा माणूस आम्हाला कुठं मिळणार आहे?" ते मनापासून बोलत होते. क्लबात काही जणांना सर्टिफिकेटवाला तरुण माणूस हवा होता, त्यांना निमित्तच हवं होतं, आणि डॉक्टर भालेरावांना वाचवू बघत होते.

भालेरावांनी शस्त्रागाराची नोंदवही पुढं ओढली. उभ्या उभ्याच लिहिलं. अक्षर मोठं, शाळकरी. "सात नंबरच्या रायफलीचा पुढचा स्क्रू मी चुकीच्या लांबीचा बसविला. तपासणी केली नाही. त्यामुळे पाठकबाईंची निवड गेली. दा. भालेराव." खाली वेळसुद्धा घातली. मग वही डॉक्टरांपुढं सरकवली.

"आता हे लेखी झालं हो," डॉक्टर हताश होऊन म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पाठकबाई, नुकसान झालं ते तुमचं. तुमची तक्रार आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर मी एवढ्यावरच मिटवतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. भालेराव बघत नव्हते, ते टेबलाचा पाय हलतो का ते पायानं चाचपत होते. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. तो माझ्या तोंडाशी आलाही. पण माझ्या डोळ्यांपुढं ती नववी गोळी होती, आणि मी गप्प बसले. मला कुणी विचारलं असतं की का, तर तेव्हाही सांगता आलं नसतं. थोडा वेळ थांबून डॉक्टरांनी मान हलवली. माझं गप्प राहणं हीच तक्रार झाली.

भालेरावांनी कमरेची किल्ली काढली. वहीवर ठेवली. सात पेचकस त्या खाकी पट्टीसकट शेजारी ठेवले, म्हणाले, "हे रायफलींचे हायती, माझे नाय." आणि दारातून बाहेर पडताना माझ्याकडं बघून, अगदी सहज, "ताई, दीड आटा कापून ठिवलाय. म्हातारी गप हाय आता," असं म्हणून गेले.

पुढच्या वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं. माझे रविवार गेले ते गेलेच. स्पर्धेला मी कधीच गेले नाही. पण ते दुःख हळूहळू बोथट झालं. झालं नाही ते दुसरं. भालेराव सायखेड्याला परत गेले, पेरून वाट बघत बसायला. मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्हीत मुख्य गोष्ट सोडून सगळं लिहिलं. त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. पाऊस सुरू झाला, लाकूड फुगलं असेल, स्क्रू बघून घेणे, पुढचा आधी. खाली सही. त्यात माझ्याविषयी चौकशीचं एक अक्षर नव्हतं, आणि तरीही ते कार्ड मी अजून ठेवलंय. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार होता, पण एकाच पेचकसानं सगळे स्क्रू फिरवायचा. ते बघवत नव्हतं, म्हणून मी हळूहळू स्वतःच करायला लागले. बोट जोडावर ठेवायचं, मुठीत दाबायचं, डोळे मिटायचे. डोळे मिटले की बोटाला जास्त कळतं, हे मला तेव्हा समजलं.

आठ-नऊ वर्षं गेली. तोवर क्लबाची चिटणीस मीच झाले होते आणि लोखंडी दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये आली होती. एका डिसेंबरात त्यांच्या धाकट्या मुलीचा, तीच सातवीतली, आता नाशिकरोडला नर्स झालेली, शाळेत फोन आला. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा डोळा कामातून गेलाय, पट्टी सुटली पण नीट दिसायला वेळ लागेल. उद्या सायखेड्याला जाणार. पण हट्ट धरून बसलेत, की आधी खाणीवर जायचं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती त्यांना रिक्षानं घेऊन आली. हिरवा चष्मा, गळ्याला मफलर, सदऱ्याच्या खिशात लाल चिंधी. चाल तीच, छोटी छोटी घाईची पावलं, फक्त आता एक हात मुलीच्या खांद्यावर. मी नमस्कार केला तर आवाजाच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "ताई, ह्या दाराची बिजागरी वाजती. तेल नाय का क्लबात?"

मी म्हातारी आणली. त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभी धरली आणि बोट बरोबर जोडावर गेलं, जणू काल ठेवून गेले होते. मी खाकी पट्टीतला तिचा पेचकस काढला आणि त्यांच्यासमोर मागचा स्क्रू सोडला, पुढचा सोडला. पुढचा आवळला, मग मागचा. त्यांनी मूठ दाबली. डोळे मिटायची गरज नव्हती तरी मिटले. मला परीक्षेला बसल्यासारखं झालं.

"गप हाय," ते म्हणाले.

तेव्हा मी बोलले. पर्समध्ये इतकी वर्षं किल्ली वागवत होते आणि तिच्याबरोबर तेही. "भालेराव, त्या दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं. तुमची किल्ली माझ्यामुळं गेली." त्यांची मुलगी दुसरीकडं बघायला लागली.

त्यांनी टेबल चाचपलं, म्हातारी अलगद आडवी ठेवली. मग म्हणाले, "तुमी नाय म्हणाला असता तर मी सुटलो असतो, ताई. अन् नंतरचे स्क्रू पन न तपासताच बसवले असते." त्यांना चिडवायचं नव्हतं, सांत्वनही करायचं नव्हतं. त्यांना वाटत होतं ते ते सांगत होते. मला त्यानं बरं वाटलं नाही. पण माझ्या आतलं काहीतरी, जे इतकी वर्षं हलत होतं, ते हलायचं थांबलं.

निघायची वेळ झाली. मी सगळ्या रायफली आत ठेवल्या, लोखंडी दार ओढलं, आणि किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "तुम्हीच लावा."

त्यांनी किल्लीवर अंगठा फिरवला. कुलूप चाचपून शोधलं, किल्ली पहिल्या वेळी चुकली, दुसऱ्या वेळी बसली. फिरवली. कुलूप धरून दोनदा ओढून बघितलं. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, झालं. मी हात पुढं केला. पण त्यांनी किल्ली दिली नाही. कुलपाच्या बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"तुमी पन एकदा ओढून बघा," ते म्हणाले. "माझ्या हातचं हाय."

मी दोन्ही हातांनी कुलूप धरलं आणि जोर लावून ओढलं. ते कान देऊन उभे होते. कुलूप हललं नाही. तेव्हा कुठं त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि रिक्षात बसण्याआधी मागची सीट धरून एकदा हलवून बघितली.